आमसुलं संपली तेव्हा

ऑगस्टच्या सतरा तारखेला आमसुलं संपली.
बरणी तळहातावर उपडी करून आपटली:
थोडं मीठ, जांभळा चुरा,
आणि मे महिन्यातल्या सावंतवाडीचा वास,
तोही दोनदा हुंगेपर्यंतच.

बांगडे धुऊन ठेवलेले. तिरफळं ठेचून झालेली.
बाहेर चव्वेचाळीस अंश, सूरचा समुद्र
पितळी परातीसारखा तापून पडलेला.
सुरमईला बंदी, ऑक्टोबर अर्धा सरेपर्यंत,
म्हणून बांगडे.
पण आमसुलाशिवाय तिखलं म्हणजे
सही नसलेला रजेचा अर्ज.

मी रसायनशास्त्र शिकवते, नववी-दहावीला.
निळा लिटमस तांबडा करतं ते आम्ल,
हे फळ्यावर लिहून वीस वर्षं झाली.
पोरांना कधी सांगितलं नाही
की चिंच बोलघेवडी असते,
लिंबू घाईचं,
कैरी भांडखोर पण मनात काही न ठेवणारी,
आणि आमसूल उशिरा बोलतं,
घास गिळून झाल्यावर.

वाटी घेऊन समोरच्या झुवैनाकडे गेले.
तिला वाटलं, साखर हवी.
माझं अरबी बाजारापुरतं: कितीला, कमी करा, पुरे.
आंबटाला शब्द सापडेना,
तेव्हा एक डोळा मिटला, गाल आत ओढले
आणि तोंड करून दाखवलं.
ती भिंतीला टेकून हसली.
“हामिद!” म्हणाली.
मला वाटलं, मुलाला हाक मारतेय.
मी उभीच, हामिद बाहेर येईल म्हणून.

आला तो पत्र्याचा डबा.
आत काळी, वाळलेली लिंबं,
सागरगोट्यांएवढ्या वजनाची,
कानाशी हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.
तिच्या आईच्या घरची, वादी तिवीतली,
मिठाच्या पाण्यात उकळून गच्चीवर काळी होईतो वाळवलेली.
ते दरीला वादी म्हणतात, आम्ही बागेला वाडी.
तिवीत दोन्ही एकच आहे.
जानेवारीत गेलो होतो आम्ही:
दोन कड्यांमध्ये केळी, खजूर, पाटाचं पाणी,
आणि एका वळणावर मी म्हणाले होते, गाडी थांबव,
कुठेतरी लिंबं उकळतायत.
विद्याधर म्हणाला, तुला भूक लागलीय.

पहिल्या दिवशी मी ती फोडून बियांसकट टाकली.
कडू. जहर कडू.
विद्याधर गॅसच्या प्लँटवरून पाळी संपवून आलेला,
जेवला, दोन तांबे पाणी प्यायला,
“वेगळं आहे,” म्हणाला,
माझ्या बहिणीच्या चित्रांना म्हणतो तसं.

मग झुवैनाच माझ्या ओट्याशी आली.
काटा घेऊन लिंबाला तीन भोकं, बास.
अख्खंच सोडायचं, आणि ते मऊ पडायच्या आत बाहेर.
माझी आई तांदळातले खडे वेचायची
तेवढ्या लक्षाने ती रश्शाकडे बघत होती.
या खेपेला आंबट आधी आलं नाही, नंतरही नाही.
ते खालून आलं,
विझत्या चुलीचा धूर अंगाला लागून.

डब्याच्या बदल्यात तिरफळं दिली, मूठभर.
सांगितलं, बी नको, नुसती साल, आणि चावायचं नाही.
निदान सांगितलं असं मला वाटलं.
दहा मिनिटांत दार वाजलं.
झुवैना, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी:
“कहरबा! कहरबा!”
वीज.
तिच्याकडे आता शुक्रवारच्या माशात
चिमूटभर वीज पडते.
सासऱ्यांना आवडत नाही. ती टाकते.

ऑक्टोबरात कोणाकोणाच्या हाती आमसुलं आली.
एकदा दोन्ही एकत्र घातली, हावरटपणा.
रस्सा इतका आंबट की मुलीने तो
लिटमस कागदावर घालायला मागितला.
मीही दिला.

आईचा फोन आला. पुरली का गं आमसुलं?
पुरली, म्हटलं.
खोटं होतं.
पण पुढचं कसं सांगू,
धुराच्या आंबटाला आमच्यात शब्द नाही.
तोंड करून दाखवलं असतं,
तिच्या फोनला ते दिसत नाही.